प्रश्न इथल्या मातीतले : नागपूर विद्यापीठातील संशोधनाची शंभर वर्षे

४ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या विद्यापीठाने शंभर वर्षे पूर्ण केली. या काळात कोणाला कोणती पदवी मिळाली, हे परीक्षा विभागाच्या दप्तरात सापडते. संशोधनाचे तसे एक दप्तर नाही. ग्रंथालयातले प्रबंध, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, रुग्णालयांच्या नोंदवह्या, उत्खननांचे अहवाल आणि गावोगावच्या पाहण्या यांत ते विखुरलेले आहे. त्यातला आरोग्य, श्रम, समाज आणि रसायन या चार क्षेत्रांचा धागा एकत्र गुंफावा, एवढाच या लेखाचा हेतू. हे काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. आपल्या विद्यापीठातले टिकाऊ संशोधन इथल्या खाणी, इथली पिके, इथले आजार आणि इथली माणसे यांनी विचारलेल्या प्रश्नांतून उभे राहिले आहे. साधने तुटपुंजी असतानाही ते घडले, ते याच कारणाने.

पूर्वपीठिका : १९२३ पूर्वी

नागपुरातील वैज्ञानिक जिज्ञासेचा इतिहास विद्यापीठाहून जुना आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरात होते. धर्मप्रसार आणि शिक्षणाबरोबर त्यांनी टाकळी परिसरातील जीवाश्म गोळा केले, खडकांचा अभ्यास केला आणि गोंडांच्या कथा व चालीरीती टिपून ठेवल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली सुरू झाले. १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज आले आणि १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था. कृषी महाविद्यालयही त्याच सुमाराचे.

महाविद्यालये होती, पण विद्यापीठ नव्हते. परीक्षा आणि पदव्यांसाठी इथल्या विद्यार्थ्यांना अलाहाबादकडे पाहावे लागे. दुसरीकडे शहर मोठे होत होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून चालू होती, मँगनीजच्या खाणींनी कामठी-रामटेक-भंडारा पट्ट्यात पैसा आणि मजूर दोन्ही आणले होते. १९२० साली भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय. देशाच्या मध्यावर असलेल्या या प्रांताला स्वतःचे विद्यापीठ हवे, ही मागणी तोवर चांगलीच पिकली होती.

१९२३–१९३३ : स्थापना आणि एक मृत्युपत्र

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाने संमत केलेल्या कायद्यान्वये ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. तेव्हा संलग्न महाविद्यालये होती ६ आणि विद्यार्थी ९२७. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. ते नामांकित वकील होते आणि विद्यापीठाची घडी बसवण्याचे काम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. १९२५ मध्ये विधी महाविद्यालय सुरू झाले. पुढे सर हरिसिंग गौर आणि न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्यासारख्या विधिज्ञांनी कुलगुरुपद सांभाळले.

या दशकात विद्यापीठाचा बहुतेक वेळ अभ्यासक्रम, परीक्षा आणि नियमावली यांत गेला. जे संशोधन झाले ते महाविद्यालयांत, अध्यापनाच्या तासांतून सवड काढून झाले. मॉरिस कॉलेजात वासुदेव विष्णु मिराशी ताम्रपट आणि शिलालेख वाचत होते. विज्ञान महाविद्यालयात रसायनाचे प्राध्यापक मोजक्या उपकरणांवर काम भागवत होते. १९३१ मध्ये विज्ञान काँग्रेस दुसऱ्यांदा नागपुरात आली, तेव्हा यजमानांमध्ये विद्यापीठाचे नाव होते.

संशोधनाच्या दृष्टीने या दशकातली सर्वांत मोठी घटना प्रयोगशाळेबाहेर घडली. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. आपल्या संपत्तीतील सुमारे ३५ लाख रुपये त्यांनी उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला दिले होते. त्या काळात ही रक्कम किती मोठी होती, हे वेगळे सांगायला नको. मँगनीजच्या खाणींतून आलेला पैसा रसायनाच्या शिक्षणाकडे वळला. खाणीत घाम गाळणाऱ्या मजुरांचाही त्या देणगीत वाटा होता, हे शताब्दीच्या निमित्ताने नोंदवणे उचित ठरेल.

१९३३–१९४३ : लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था

देणगी मिळणे आणि संस्था उभी राहणे यांत बारा वर्षे गेली. मृत्युपत्रातील अटींचा अर्थ लावणे, निधीची व्यवस्था, जागेची निवड, संस्थेचे स्वरूप ठरवणे या प्रत्येक टप्प्यावर चर्चा झाली. मतभेदही झाले. परंतु टी. जे. केदार यांच्यासारखे कुलगुरू, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि विज्ञानाचे प्राध्यापक यांनी चिकाटी सोडली नाही. १९४२ मध्ये अमरावती रस्त्यावर लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. नागपूरकरांच्या तोंडी ती कायमची ‘एलआयटी’ झाली.

दुसऱ्या महायुद्धाचे आणि ‘चले जाव’ चळवळीचे ते वर्ष होते. परदेशी यंत्रे आणि रसायने मिळणे कठीण, शहरात धामधूम, तरुणांची मने रस्त्यावर. अशा काळात रासायनिक अभियांत्रिकी आणि तेल तंत्रशास्त्र शिकवणारी संस्था चालू ठेवणे सोपे नव्हते. तेल हा विषय निवडला गेला तो उगाच नाही. जवस, सरकी, तीळ, भुईमूग आणि जंगलातल्या मोहाची टोळी (बी) ही या भागाची तेलसंपत्ती. तेल काढायचे कसे, शुद्ध करायचे कसे, टिकवायचे कसे, त्यापासून साबण आणि रंग कसे करायचे, हे इथल्या घाण्यांचे आणि गिरण्यांचे रोजचे प्रश्न होते. पुढे अन्न, कागद, रंग, प्लास्टिक, पेट्रोरसायने अशा शाखा फुटल्या. त्यांचाही संबंध बल्लारपूरचा कागद, नागपूरची संत्री आणि विदर्भातील उद्योगांशी राहिला.

१९४३–१९५३ : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर

१९४५ मध्ये विज्ञान काँग्रेस तिसऱ्यांदा नागपुरात भरली. अध्यक्ष डॉ. शांतिस्वरूप भटनागर. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची उभारणी तेव्हा त्यांच्याच हातून होत होती. १९२० मध्ये राय आणि १९४५ मध्ये भटनागर असे दोन थोर रसायनशास्त्रज्ञ या शहरात अध्यक्ष म्हणून आले. त्यांच्यामधल्या पंचवीस वर्षांत नागपूरला विद्यापीठही मिळाले होते आणि रसायनाची स्वतंत्र संस्थाही.

१९४७ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तोवर शहरात रॉबर्टसन मेडिकल स्कूलचे शिक्षण होते. आता विद्यापीठाची वैद्यकीय पदवी आणि त्यामागोमाग पदव्युत्तर अभ्यास व प्रबंध आले. ‘मेडिकल’च्या वॉर्डांत छिंदवाडा, बालाघाटपासून चांदा, गडचिरोलीपर्यंतचे रुग्ण येत. तिथल्या डॉक्टरांसमोर मध्य भारताचे आजार जणू एका ओळीत उभे राहिले.

समाजशास्त्रांतही एक पाऊल पुढे पडले. १९४९ मध्ये विद्यापीठाने लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य हा स्वतंत्र विभाग सुरू केला. या विषयाचा असा परिपूर्ण विभाग देशात प्रथम नागपुरात उघडला. नव्या राष्ट्राला प्रशासक हवे होते, जनपद सभा आणि नगरपालिका नव्याने आकार घेत होत्या. त्या कारभाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, ही यामागची दृष्टी होती. पंडित कुंजीलाल दुबे यांच्या कुलगुरुपदाच्या काळात मराठी आणि हिंदी या भाषांना शिक्षणाचे माध्यम करण्याचा निर्णय अमलात आला. पाठ्यपुस्तके नव्हती, परिभाषा ठरलेली नव्हती, प्राध्यापकांना सवय नव्हती. तरीही शिक्षकांनी टिपणे तयार केली, संज्ञा घडवल्या आणि वर्ग चालवले.

याच सुमारास विद्यापीठाचे क्षेत्र आटू लागले. १९४६ मध्ये माजी कुलगुरू डॉ. गौर यांनी सागर विद्यापीठ स्थापन केले आणि महाकोशलाचा भाग तिकडे गेला. पुढील काळात जबलपूर, रायपूर, अकोला, अमरावती, नाशिक, गडचिरोली अशी विद्यापीठे निघाली. लेकी सासरी गेल्यावर घर रिकामे वाटते, पण गोत वाढते. आपल्या विद्यापीठाचे तसेच झाले.

१९५३–१९६३ : १९५८ हे वर्ष

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपद गेले आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. शहराची प्रतिष्ठा घटल्याची हुरहूर त्या पिढीला होती. संशोधनाच्या बाबतीत मात्र हे दशक समृद्ध ठरले. महामहोपाध्याय मिराशी यांचा कलचुरी-चेदी लेखांचा खंड १९५५ मध्ये आणि वाकाटक लेखांचा खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा पाया त्यामुळे पक्का झाला.

या दशकातले १९५८ हे वर्ष विशेष लक्षात ठेवावे. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या.

पहिली वैद्यकातील. डॉ. आर. एन. शुक्ला आणि डॉ. बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकतेवरील लेख ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आला. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला होता. तो मध्य भारतातही आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी दाखवले. या आजारात रक्तातील प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. मूळ कारण रासायनिक आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने माणसाचे आयुष्य बदलते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर अपत्याला आजार होण्याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी, समुपदेशन आणि समाजात बोलण्याची हिंमत हे प्रश्न त्याला जोडलेले आहेत. उन्हातान्हात पाण्याविना जड काम केले की वेदनेची लाट उसळते, म्हणून कामाच्या ठिकाणाचाही त्यात संबंध येतो. रसायन, आरोग्य, समाज आणि श्रम ही चारही क्षेत्रे या एका आजारात एकत्र येतात. त्यानंतर विदर्भातील वैद्यकीय महाविद्यालये, जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्या पिढ्यांनी हा विषय सोडला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेची नागपुरात झालेली स्थापना. पुढे हीच ‘नीरी’ झाली. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि कारखान्यांतले टाकाऊ पदार्थ हे तिचे विषय. संस्था केंद्राची, पण तिथल्या अनेक तरुण संशोधकांनी पीएच.डी.साठी आपल्या विद्यापीठात नोंदणी केली आणि तिच्या शास्त्रज्ञांनी विद्यापीठाचे मार्गदर्शक म्हणून काम केले.

तिसरी गोष्ट मातृ सेवा संघाच्या समाजकार्य संस्थेची. कमलाताई होस्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ पासून प्रसूतिसेवेचे काम उभे केले होते. त्या अनुभवातूनच समाजकार्याचे शिक्षण देणारी ही संस्था निघाली. तिचे विद्यार्थी वस्त्यांत, रुग्णालयांत, गिरण्यांत जाऊन काम करीत आणि त्या कामावर आधारित प्रबंधिका लिहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण हवे होते, आणि कामगार कल्याण हा विषय विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात रुजण्यास हे एक कारण घडले.

१९६३–१९७३ : जमिनीखालचा विदर्भ

डॉ. वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ या काळात कुलगुरू होते. महानुभाव वाङ्मयाचा हा साक्षेपी अभ्यासक पोथीच्या पाठभेदांइतकीच काळजी विद्यापीठाच्या कारभाराची घेत असे. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले.

प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने या दशकात डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली पवनार, टाकळघाट-खापा, पवनी आणि माहुरझरी येथे उत्खनने केली. पवनीच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा सहभाग होता. हिस्लॉप ज्या शिळावर्तुळांकडे गेले होते, तिथे शंभर वर्षांनी विद्यापीठाचे विद्यार्थी कुदळ आणि ब्रश घेऊन पोहोचले. लोखंडी हत्यारे, घोड्यांचा साज, मण्यांचे दागिने हाती आले. विदर्भातील महापाषाणकालीन माणूस लोखंड वापरण्यात निपुण होता, हे सिद्ध झाले. अहवाल विद्यापीठाने स्वतः छापले. या उत्खननांत ज्यांनी माती चाळली, खापरांवर क्रमांक घातले, आराखडे काढले त्या विद्यार्थी-मजुरांची नावे अहवालांत नसतील, श्रेय मात्र त्यांचेही आहे.

१९६९ मध्ये दोन संस्था आल्या. अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि कृषी शिक्षण तिकडे गेले. गांधी जन्मशताब्दीच्या त्याच वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली आणि ती आपल्या विद्यापीठाला संलग्न झाली. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे आणि घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी करायची, हा पायंडा तिथे पडला. हत्तीरोगाच्या निदानावर सेवाग्रामच्या जीवरसायनशास्त्र विभागाने केलेले दीर्घकाळचे काम याच वातावरणात वाढले.

१९७३–१९८३ : सुवर्णमहोत्सव आणि नवे शेजारी

१९७३ मध्ये विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव झाला. १९७४ मध्ये विज्ञान काँग्रेस चौथ्यांदा नागपुरात आली. त्याच वर्षी ‘नीरी’ला तिचे आजचे नाव मिळाले. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय आणि १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था शहरात आली. मँगनीजची सरकारी कंपनी १९६२ पासून होतीच. कोळसा, मँगनीज, कापूस आणि वीज या चार उद्योगांनी वेढलेल्या शहरात कामगाराचे आरोग्य, त्याचे घर, त्याची मजुरी आणि त्याची संघटना हे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य आणि समाजकार्य या विभागांच्या प्रबंधांचे विषय होणे स्वाभाविक होते. विडी वळणाऱ्या भंडारा-गोंदियातील स्त्रियाही त्यांत आल्या.

‘नीरी’तील संशोधकांनी पाण्यातील जादा फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढण्याची ‘नळगोंडा पद्धत’ याच काळात विकसित केली. चंद्रपूर-यवतमाळ भागातील विहिरींना या प्रश्नाची झळ होती, त्यामुळे विद्यापीठाच्या रसायन आणि भूशास्त्राच्या अभ्यासकांनाही ती वाट जवळची ठरली. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाचे कार्यालय नागपुरात होते. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांची मराठी पाठ्यपुस्तके त्या मंडळाने प्रसिद्ध केली. लेखक व अनुवादक म्हणून आपल्या प्राध्यापकांनी केलेली ती सेवा आज विस्मरणात जाऊ नये.

१९८३–१९९३ : औषधे, राळ आणि सुरक्षितता

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ झाले आणि वऱ्हाडची महाविद्यालये तिकडे गेली. मागे राहिलेल्या क्षेत्रात पदव्युत्तर विभाग बळकट करण्यावर भर देण्यात आला.

औषधनिर्माणशास्त्र विभागाने राळेवर सातत्याने काम केले, ते याच काळापासून पुढे. राळ चीड वृक्षाच्या चिकापासून मिळते. ती स्वस्त आहे, निसर्गात मिळते आणि तिचा पातळ पापुद्रा तयार होतो. गोळीवर तो चढवला की औषध शरीरात हळूहळू सुटते आणि रुग्णाला वारंवार गोळी घ्यावी लागत नाही. राळेत रासायनिक बदल करून तिचा ठिसूळपणा कमी करणे, शरीरात ती सुरक्षितपणे विघटित होते का हे तपासणे, असे हे काम चालले. रसायनाची जाण आणि औषधाची गरज यांची सांगड त्यात दिसते.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची दुर्घटना झाली. नागपूरपासून भोपाळ दूर नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८७ मध्ये कारखाना कायद्यात आलेले धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण यांमुळे रसायन-अभियंत्यांच्या शिक्षणात सुरक्षिततेला स्थान मिळाले. आपल्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरील त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये, तर नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हे काम त्यांच्या संस्थेचे आहे. विद्यापीठाला अभिमान आहे तो आपल्या विद्यार्थ्यांचा.

१९९३–२००३ : बदलाचे दशक

१९९४ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने कारभाराची चौकट बदलली. १९९८ मध्ये अमृतमहोत्सव साजरा होत असतानाच नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये आपल्याकडून गेली. पन्नास वर्षांचे नाते कागदोपत्री संपले. दशकाच्या अखेरीस विद्यापीठाला काही कसोटीच्या प्रसंगांतून जावे लागले. शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांनी त्या काळात धीर धरला आणि व्यवस्था पुन्हा मार्गी लागली.

भौतिकशास्त्र विभागातील प्रकाशोत्सर्जक पदार्थांवरील संशोधन याच काळात नावारूपाला आले. किरणोत्सर्ग शोषलेला काही विशिष्ट क्षारांचा स्फटिक तापवला की तो प्रकाश देतो आणि त्या प्रकाशावरून किरणोत्सर्गाची मात्रा मोजता येते. क्ष-किरण विभागातले तंत्रज्ञ किंवा अणुऊर्जा क्षेत्रातले कर्मचारी छातीवर जो बिल्ला लावतात, त्याचे शास्त्र हेच. असे पदार्थ तयार करणे आणि त्यांची संवेदनशीलता वाढवणे यावर इथे पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले. पुढे एलईडी दिव्यांसाठीच्या पदार्थांकडेही ही वाट वळली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एम्प्रेस मिलचे भोंगे कायमचे बंद झाले. गिरणी गेल्यावर कामगार कुटुंबांचे काय झाले, हा प्रश्न आता समाजशास्त्राच्या वाट्याला आला.

२००३–२०१३ : नामविस्तार

२००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. ग्रामगीतेतून गावाची सफाई, आरोग्य, श्रम आणि संघटन शिकवणाऱ्या या संताचे नाव धारण करताना संशोधनाने गावाकडे पाहावे, ही अपेक्षा आपोआपच आली.

त्या वर्षांत विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला होता. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातील वर्धा जिल्हा आपल्या क्षेत्रातला. कर्ज, कापसाचा भाव, सिंचन, सावकारी आणि मागे राहिलेल्या स्त्रिया यांवर अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि समाजकार्य विभागांत अनेक प्रबंध झाले. २००७ मध्ये पांढरकवडा भागातील भूजलातल्या फ्लोराइडवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. शासनाच्या भूजल यंत्रणेतील आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील अभ्यासकांनी मिळून तो केला होता. क्षेत्राच्या सीमा कागदावर कुठेही असोत, खडक आणि पाणी त्या पाळत नाहीत.

२००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा आणि पूर्वअभ्यासक्रम सक्तीचा केला. सुरुवातीला कुरबूर झाली, पण शोधपद्धतीचे पायाभूत शिक्षण प्रत्येकाला मिळू लागले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर, गडचिरोली जिल्हे तिकडे गेले.

२०१३–२०२३ : शताब्दीकडे

नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे आज विद्यापीठाच्या क्षेत्रात आहेत. २०१६ च्या कायद्यान्वये कारभार चालतो. महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात ३ ते ७ जानेवारी २०२३ या काळात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. शाश्वत विकास आणि महिला सक्षमीकरण हा तिचा विषय होता. बालविज्ञान आणि महिला विज्ञान काँग्रेसबरोबर आदिवासी विज्ञान काँग्रेसही झाली. त्यासाठी राबलेल्या शिक्षक, विद्यार्थी, स्वयंसेवक आणि कर्मचाऱ्यांचे ऋण विद्यापीठ मानते.

शताब्दीच्या वर्षातच एलआयटीला लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून स्वतंत्र दर्जा मिळाला. ८१ वर्षे विद्यापीठाचा मानबिंदू असलेली संस्था स्वतःच्या पायावर उभी राहिली. लक्ष्मीनारायण यांच्या दानाची ही परिणती आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. १९५८ मध्ये नागपूरच्या दोन डॉक्टरांनी मांडलेला प्रश्न आता देशाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. २ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत १११ वा दीक्षान्त समारंभ झाला.

आज आणि उद्या

शंभर वर्षांचा हा आढावा घेतल्यावर एक निष्कर्ष मनमोकळेपणाने मांडता येतो. विद्यापीठाचे क्षेत्र लहान होत गेले, वैद्यक, शेती आणि रासायनिक तंत्रज्ञान या शाखा एकेक करून बाहेर गेल्या, तरी त्यांनी उभे केलेले प्रश्न इथेच आहेत. खाणीतली धूळ, औष्णिक केंद्रांची राख, विहिरीतले पाणी, कापसावरची फवारणी, बांधकामावरचा उन्हाळा, सिकलसेलची वेदना हे एका विभागाने सुटणारे प्रश्न नाहीत. रसायनाचा विद्यार्थी, औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी आणि समाजकार्याची विद्यार्थिनी एका गावात एकत्र गेले तरच ते हाताळता येतील.

या इतिहासात नावे थोडी आली आहेत, काम मात्र असंख्यांचे आहे. उपकरणे सांभाळणारे प्रयोगशाळा सहायक, जुने अंक जपणारे ग्रंथालय कर्मचारी, प्रबंध टंकलिखित करून देणारे, रक्ताचे नमुने देणारे गावकरी आणि प्रश्नावलीला उत्तरे देणारे कामगार हे सारे या संशोधनाचे भागीदार आहेत.

माजी विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना एक विनंती. आपले जुने प्रबंध, अहवाल, छायाचित्रे आणि क्षेत्रपाहणीच्या वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. आणि पुढे जो कोणी प्रबंध पूर्ण करील, त्याने ज्या गावातून किंवा कारखान्यातून माहिती घेतली तिथे परत जाऊन निष्कर्ष मराठीत सांगावेत. दुसऱ्या शतकाचे काम इथून सुरू करता येईल.